एकाच रिळाचे दोर

चारही डिस्क एकाच खोक्यातल्या घेऊ नका, असं दुकानदार धाकटीला तीनदा म्हणाला होता. पण धाकटीला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. वय सत्तेचाळीस, धंदा लिफ्टच्या दुरुस्तीचा. बावीस वर्षं इमारतींच्या गच्चीखालच्या मशीनरूममध्ये घालवलेली, हाताला वंगणाचा वास आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आपल्याला कळत नाही असं जगात फारसं काही नसतं, हा तिचा जुना समज. बहुतेक वेळा तो खराही ठरायचा, म्हणून तर तो इतका टिकला.

त्या दिवशी मात्र ती दुकानात आली होती ती दादाच्या आवाजासाठी. तिचा मोठा भाऊ दिवसा नकाशांच्या कचेरीत काम करायचा आणि संध्याकाळी अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचायचा. घरातल्या लहान खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मध्ये माइक, आणि समोर दादा. तीस वर्षांत सातशेवर पुस्तकं झाली. मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

एक प्रयोगशाळा होती. माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून ते लोक त्याचा आवाज तयार करून द्यायचे: छोट्या यंत्रावर शब्द टाइप करायचे आणि यंत्र ते त्या माणसाच्या आवाजात बोलायचं. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, "मूळ रेकॉर्डिंग हवीत. ग्रंथालयातल्या प्रती दाबून लहान केल्यात, वर साफसफाईही झालीय. त्यातून आवाज बनेल, पण घरची माणसं ओळखतील की नाही, सांगता येत नाही." दादाचा नंबर लागायला अकरा महिने होते. तोवर सगळं जपून ठेवा, म्हणाल्या.

सगळं म्हणजे काय, तर भुगा होत आलेल्या कॅसेटी, ओरखडे पडलेल्या तबकड्या आणि माळ्यावरचे तीन मेलेले संगणक. धाकटीनं दोन महिने खपून ते एकेक उसन्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं. मग कॅसेटी, तबकड्या, संगणक सगळं भंगारात दिलं होतं. आता ती डिस्क परत करून हे चार हजार तासांचं रेकॉर्डिंग ठेवायला दादाच्या घरातच एक सर्व्हर बांधायचा होता. ऑपरेशनच्या खर्चानं खिसा रिकामा होणार होता, त्यामुळे स्वस्तात.

"पेटी जुनी चालेल," ती दुकानदाराला म्हणाली. जाड चष्म्याचा, हळू बोलणारा माणूस होता तो. "एखाद्या ऑफिसातनं निघालेली. चार डिस्क बसल्या पाहिजेत. मेमरी आहे तेवढी पुरे. पण वीज देणारा डबा नवा द्या आणि चांगला द्या. तिथं काटकसर नको."

"ताई, हे बरोबर बोललात," चष्मेवाला खूश झाला. "डिस्क जोडायला हे कार्ड घ्या."

"आणि उद्या कार्ड मेलं तर? तसंच दुसरं मिळेपर्यंत डिस्क नुसत्या बघत बसायच्या? नको. ते काम सॉफ्टवेअर करेल."

इथपर्यंत धाकटी शहाणीच होती. डिस्कच्या ह्या जोडणीला 'रेड' म्हणतात, आणि रेड म्हणजे काय ते तिला एका वाक्यात समजलं होतं: माहिती चार डिस्कवर अशी वाटून लिहायची की कुठलीही एक मेली, तरी उरलेल्या तिघींवरून तिची भरपाई करता येते. हे तर आपलंच काम, तिला वाटलं. लिफ्टचा पिंजरा चार दोरांवर लटकतो, एक तुटला तरी पडत नाही. आणि नेमकी इथंच तिची अक्कल तिला नडली.

चष्मेवाल्यानं चार वेगवेगळ्या खोक्यांतून चार डिस्क काढल्या. धाकटीनं त्यावरचे आकडे वाचले आणि चारही परत सरकवल्या. "एकाच खोक्यातल्या द्या. ओळीनं नंबर असलेल्या."

"ताई, मिसळून घ्या. ह्यात लोक वेगवेगळ्या मुद्दाम घेतात."

"अहो, मी दोरांचं काम करते. चारही दोर एकाच रिळातले लागतात, तसा नियमच आहे. एक जरी वेगळा घातला तर तो वेगळा ताणतो, भार कमीजास्त होतो आणि कुणीतरी एकटा झिजतो."

"दोरांचं तसं असेल. पण ह्या एका दिवशी बनलेल्या, एकाच खोडीच्या. एकत्र चालायला लागल्या की आजारीही एकत्रच पडतात."

"बावीस वर्षं झाली मला."

"एकाच खोक्यातल्या घेऊ नका, एवढंच सांगतो." हे तिसऱ्यांदा. मग त्यानं चष्मा पुसला आणि शेवटी एक्केचाळीस असलेल्या नंबरापासून चव्वेचाळीसपर्यंतच्या चार डिस्क तिच्यापुढं ठेवल्या. धाकटीनं पंचेचाळीसही मागून घेतली, जादाची म्हणून. तो म्हणाला, जादाची घेताच आहात तर तिच्यावर मावेल तेवढी वेगळी प्रत काढून ठेवा. ती हो म्हणाली आणि दादाच्या घरी जाऊन ती डिस्क वेष्टनासकट लहान खोलीतल्या खणात टाकली.

त्यानंतर नऊ महिने गेले. दादाचं ऑपरेशन झालं. गळ्याच्या खाली श्वासासाठी भोक, त्यावर पांढरी पट्टी, हातात पुसता येणारी पाटी. तो आता हसला की नुसते खांदे हलायचे. कुणाला बोलवायचं तर दोनदा टाळी वाजवायचा. वहिनी टाळीला लगेच यायच्या, पण दर वेळी त्यांचा चेहरा जरासा उतरायचा, आणि धाकटीला ते बघवायचं नाही. सोमवारी दहाला प्रयोगशाळेच्या बाई रेकॉर्डिंग घ्यायला येणार होत्या. सर्व्हर लहान खोलीतल्या गाद्यांमध्ये गुणगुणत होता.

रविवारी सकाळी आठला तो किंचाळला.

ही घंटा धाकटीनंच लावून ठेवलेली होती. वहिनींचा फोन जाताच ती चहा टाकून धावत आली, दोन रस्ते पलीकडच्या आपल्या घरातून. पडद्यावर लिहिलं होतं: तिसरी डिस्क मेली. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काही होत नाही वहिनी," धाकटी म्हणाली. "एक दोर तुटलाय, तीन आहेत." तिला त्या क्षणी चक्क बरं वाटत होतं, कारण आपण केलेली तयारी कामाला आलेली बघायला कुणाला आवडत नाही? खणातून पंचेचाळीस नंबरची काढली, मेलेली त्रेचाळीस उपसली, नवी सरकवली. मशीन कामाला लागलं: तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या आणि चौथी नव्यानं भरायची. पडद्यावर आलं, सात तास लागतील.

दादानं पाटीवर लिहिलं, "चहा घे."

तिनं चहा घेतला. दुसरा घोट घेताना तिला तो आवाज ऐकू आला. टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग टक्, टक्. बावीस वर्षं यंत्रांचे आवाज ऐकणाऱ्या कानाला तो कुठून येतोय हे विचारावं लागत नाही. वरून दुसरी. बेचाळीस.

तिनं पडद्याकडं पाहिलं. सात तासांचे अकरा झाले होते. बघता बघता एकोणीस झाले. तिनं चष्मेवाल्याला फोन लावला. तो घरी होता, मागं कुणीतरी भांडी लावत होतं.

"उरलेल्यांचे नंबर वाचा, ताई."

"एक्केचाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. आणि नवी पंचेचाळीस."

'मी म्हणालो होतो' हे त्यानं म्हटलं नाही, आणि त्याबद्दल धाकटी त्याची जन्मभर ऋणी राहील.

"हे असंच चालू ठेवलंत, तर ती आजारी डिस्क शेवटच्या इंचापर्यंत वाचावी लागणार," तो म्हणाला. "टिकली तर सगळं मिळेल. मध्येच गेली तर काहीच नाही. दोन मेल्या की चारही रिकाम्या."

"एखाद्या कंपनीकडं देता येईल?"

"येईल. महिना लागतो, आणि खात्री कुणी देत नाही. किंमत ऐकाल तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "दुसरी प्रत आहे ना?"

धाकटीनं पंचेचाळीस नंबरचं फोडलेलं वेष्टन मुठीत चुरगाळलं. तिला त्या वेळी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. शहाणपणा करायला गेले आणि भावाचा आवाज पणाला लावला. परका कुणी असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

टक्, टक्. सव्वीस तास.

अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. धाकटीला तिचा वस्ताद आठवला. पहिल्याच वर्षी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत पाच जण, आणि धाकटी वर मोटर उघडून बसली होती. वस्तादानं तिच्या हातातला पाना काढून घेतला होता. "मशीन नंतर," तो म्हणाला होता. "आधी माणसं बाहेर काढ. मग तुझी मोटर आयुष्यभर दुरुस्त करत बस." हा किस्सा तिनं दादालाही कितीदा तरी ऐकवलेला.

तिनं भरपाईचं काम थांबवलं आणि पंचेचाळीस बाहेर ओढली. टकटक लगेच कमी झाली. मग कामाच्या पिशवीतला लॅपटॉप काढून सर्व्हरला जोडला. त्यात लिफ्टचे नकाशे खचाखच भरलेले होते. ते तिनं डोळे झाकून पुसून टाकले आणि जागा केली.

"ऐक दादा," ती म्हणाली. "सगळं वाचणार नाही. ही दुसरी डिस्क किती तास जगेल, कुणाला ठाऊक. फार हळू देतेय. दोन-तीन तासांत जेवढं निघेल तेवढं काढायचं. बाईंना तीस तासांचं स्वच्छ वाचन हवंय. कुठली पुस्तकं घेऊ? तुझा आवाज सगळ्यांत चांगला कशात होता?"

दादानं पाटी घेतली. विचार करायला म्हणून त्याला वेळच लागला नाही. त्यानं लिहिलं: "चुका."

"काय?"

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. पुस्तकांच्या लांबलचक यादीच्या तळाशी एक फोल्डर होतं, नाव 'चुका'. वाचताना अडखळला, खोकला, मध्येच कुणाशी बोलला, की तो तुकडा कापून दादा तिथं टाकून द्यायचा. तीस वर्षांचे तुकडे, एकूण चाळीसेक तास.

"अरे, तो कचरा आहे! बाईंनी स्वच्छ मागितलंय."

दादानं पुसून लिहिलं, "पुस्तकं ग्रंथालयात आहेत. कशी का असेनात."

"त्यातून माणूस ओळखू येत नाही, असं त्या म्हणाल्या ना!"

तो लिहीत होता. मार्कर कुरकुरत होता आणि डिस्क टकटकत होती, आणि धाकटीला वाटत होतं, पाटी हिसकावून घ्यावी. तीस वर्षं तोंडानं भराभर वाचणारा माणूस आता एकेक अक्षर काढत होता.

"वाचतो तो मी नव्हे. तो पुस्तकाचा आवाज. यंत्र घरात तसं बोललं तर ही घाबरेल." 'ही' लिहिताना त्यानं स्वयंपाकघराकडं मान केली. मग पुसून शेवटचं: "चुका दुसरीकडं कुठंच नाहीत."

धाकटीला राग आला होता, पण राग यायचं खरं कारण हे होतं की तो बरोबर होता. एकच प्रत असलेली वस्तू आधी उचलायची, हे तिला शिकवायला आज सकाळपासून नशीब हात धुऊन मागं लागलं होतं. तिनं 'चुका' निवडलं आणि बटण दाबलं.

मग त्या खोलीत जे तीन तास गेले, ते तसे कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मध्येच थांबायची. थांबली की तिघंही श्वास धरायचे. दादाचा श्वास तर गळ्यावरच्या पट्टीतून ऐकूच यायचा, तोही बंद व्हायचा. मग एक टक् आणि पट्टी पुढं. धाकटीनं टेबलफॅन आणून डिस्कवर रोखला. वहिनींना सांगितलं, इथं पाय आपटत चालू नका, दार वाजवू नका. वहिनी बिचाऱ्या बाहेर जाऊन चप्पल काढून आल्या. नंतर त्या स्वयंपाकघरातच बसून राहिल्या, कारण त्यांना ती पट्टी बघवेना.

धाकटीच्या फोनवर कामाचा फोन आला, कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं.

एक हजार तुकडे झाले, तेव्हा तिला शंका आली. येतंय ते धड येतंय ना? नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. तिनं कानात इअरफोन घातला आणि मधलाच एक तुकडा उघडला.

"...आणि सरदार दबक्या पावलांनी जिन्यापाशी... अगं, दार लाव! बाहेरचा आवाज येतोय." हा दादा. तरणाताठा, वैतागलेला. लांबून वहिनींचा आवाज, केवढा कोवळा: "लावलंय!" मग दादाचं हसू, जवळून, माइकजवळ तोंड असताना येतं तसं.

तिनं दुसरा उघडला. "अगं, दार लाव!" "लावलंय!" तिसऱ्यात शिंक होती. चौथ्यात पुन्हा दार. धाकटीला एकदम रडू फुटलं. आपण काय वाचवतोय ते तिला आत्ता कळत होतं, आणि अजून अर्धंही आलेलं नव्हतं. दादानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि पट्टीकडं बोट दाखवलं: रड नंतर, तिकडं बघ.

बारा वाजून दहा मिनिटांनी 'चुका' पूर्ण झालं. सतरा तुकडे आले नाहीत, बाकी सगळे आले. जिवात जीव आला म्हणेपर्यंत धाकटीनं पुस्तकं लावली. दादानं पाटीवर लिहिलं त्या क्रमानं. पहिलं आलं. दुसरं आलं. तिसऱ्याचे चार अध्याय आले आणि बेचाळीस नंबरनं एक लांब खरड काढली, जेवणाच्या ताटावर चमचा ओढावा तशी. मग ती गप्प झाली. पडद्यावरची सगळी यादी एका क्षणात पुसली गेली. सातशे पुस्तकं, तीस वर्षांच्या संध्याकाळी. फॅन तेवढा फिरत होता.

"माझ्यामुळं गेलं," धाकटी म्हणाली. "तो तीनदा म्हणाला होता, दादा. तीनदा. मला वाटलं, मला सगळं कळतं."

दादानं फॅन बंद केला. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत. मग त्यानं पाटी घेतली. "माणसं निघाली ना बाहेर?"

ती हो म्हणाली. त्यानं पाटी पुसली आणि चहाचं आधण ठेवायला सांगण्यासाठी दोनदा टाळी वाजवली.

सोमवारी प्रयोगशाळेच्या बाईंनी लॅपटॉपवरचं सगळं तपासलं. पुस्तकं मागितली त्याच्या अर्ध्याहून कमी होती. 'चुका' ऐकताना त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्या आठ्या हळूहळू गेल्या. "असं आम्हाला कुणी देत नाही," त्या म्हणाल्या. "वेळ जास्त लागेल. बघू." धाकटीनं त्याच दिवशी दुपारी दोन प्रती काढल्या, दोन वेगळ्या दुकानांतल्या दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक चष्मेवाल्याकडं ठेवायला दिली. त्यानं कानाला खडा लावलात का, असं विचारलं. ती म्हणाली, खडा नाही, धोंडा.

नऊ आठवड्यांनी यंत्र आलं. पाटीपेक्षाही लहान होतं. धाकटी कामावरून थेट आली, किल्ल्यांचा जुडगा कमरेलाच. वहिनी आत भांडी घासत होत्या; यंत्र दुपारी आलंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दादानं बजावलंच होतं तसं.

लहान खोलीत दोघं बसली. दादाला काय टाइप करावं तेच सुचेना. तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं वाचलेला माणूस. त्यानं एक ओळ लिहिली, पुसली. दुसरी लिहिली, पुसली. यंत्र चाललं नाही तर, आवाज परका निघाला तर, हेच दोघांच्याही मनात होतं.

"लिही रे काहीतरी," धाकटी कुजबुजली.

त्यानं खोलीच्या दाराकडं पाहिलं. ते बंद होतं. त्याचे खांदे हलले. मग त्यानं भराभर टाइप केलं आणि बटण दाबलं.

"अगं, दार लाव! बाहेरचा आवाज येतोय."

"लावलंय!" वहिनी आतून ओरडल्या.

मग स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.